जमीन हलते तेव्हा पळायचं की थांबायचं?

(राजगुरुनगर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, की सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता भूकंप कुठून काढलात? संबंध आहे, आणि तो चांगला अडीचशे वर्षांहून जुना आहे. त्याकडे मी मध्येच कुठेतरी येईन. आधी तुम्हालाच एक प्रश्न विचारतो. आत्ता, या क्षणी, हे सभागृह हललं, वरचे पंखे झुलायला लागले, तर तुम्ही काय कराल? पळणार असाल त्यांनी हात वर करा. हं. जवळजवळ सगळेच. आता दुसरा प्रश्न. या सभागृहाला दारं किती? दोन. आणि आपण दीडशे माणसं तरी आहोत. म्हणजे भूकंपाने आपलं काही केलं नाही, तरी त्या दोन दारांत आपणच एकमेकांचं काय करू, ते बघा.

मग पळणं चूक आहे का? नेहमीच नाही. काही घरांतून पळावं, काही घरांत थांबावं, आणि काही घरं अशी असतात की पळालात काय आणि थांबलात काय, हाती फार थोडं उरतं. म्हणून ‘भूकंप झाला तर काय करायचं’ या प्रश्नाआधी ‘मी कोणत्या घरात आहे’ हा प्रश्न येतो. हा आपण विचारतच नाही. आपल्या महाराष्ट्राने याची फार मोठी किंमत मोजलेली आहे, तिथूनच सुरुवात करू.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावं उशिरा झोपली. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, होळी, तळणी, मंगरूळ. सुमारे दहा हजार माणसं गेली. आता यातली अस्वस्थ करणारी गोष्ट सांगतो. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. जगाच्या हिशेबात हा मध्यम भूकंप. एवढ्याच तीव्रतेचे धक्के जपानमध्ये बसतात आणि बहुतेक वेळा मृतांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी राहते. किल्लारीत दहा हजार का?

केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं, हे एक कारण. वेळ पहाटेची, हे दुसरं. पण मुख्य कारण भिंतीत होतं. तुमच्यापैकी ज्यांनी मराठवाड्यातली जुनी घरं पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे. दोन-अडीच फूट रुंद दगडी भिंत, बघताना किल्ल्यासारखी. पण ती एक भिंत नसते. बाहेरून एक दगडी पापुद्रा, आतून दुसरा, आणि मध्ये खडे-मातीची भर. दोन्हींना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायला हवा. तो बहुतेक ठिकाणी नव्हता. दर्जा मातीच्या. जमीन हलली की आतला पापुद्रा आत पडतो, बाहेरचा बाहेर. वर छप्पर म्हणजे माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राहतं, गळायला लागलं की वरून आणखी माती टाकायची. म्हणजे झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर टनावारी माती. काही घरांत या छपराखाली लाकडी खांबांचा पुरता सांगाडा होता, त्याला तिकडे खण म्हणतात. जिथे हा सांगाडा नीट जोडलेला होता, तिथे भिंती पडल्या तरी छप्पर खांबांवर उभं राहिल्याची उदाहरणं आहेत. त्याच गावात, त्याच धक्क्यात.

आणखी एक गोष्ट. १९९२ च्या पावसाळ्यापासून त्या भागात लहान लहान धक्के बसत होते. ऑक्टोबरमध्ये जरा जोराचा बसला. माणसं घाबरली, घराबाहेर झोपायला लागली. मग धक्के थांबले, भीतीही ओसरली, माणसं घरात परतली. आपणही तेच केलं असतं. वर्षभर अंगणात कोण झोपेल? शिवाय देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात तो सगळा भाग तेव्हा पहिल्या विभागात होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. नकाशा म्हणत होता धोका नाही, भिंत म्हणत होती मी जाड आहे. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी त्या माणसांनी काय करायला हवं होतं, असं मला कोणी विचारलं तर मी उत्तर देणार नाही. करण्यासारखं त्या क्षणी काही शिल्लकच नव्हतं. जे करायचं ते भिंत बांधतानाच करायचं होतं.

आता काही जण म्हणतील, सर, मातीची घरं होती म्हणून पडली. आम्ही आरसीसीत राहतो. थांबा. २६ जानेवारी २००१. कच्छचा भूकंप, सकाळी पावणेनऊच्या सुमारास. तीव्रता ७.७. भूज, भचाऊ, अंजार उद्ध्वस्त झाले हे आपल्याला आठवतं. पण अहमदाबाद? ते केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब. तिथे सत्तरएक बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेहून अधिक माणसं गेली. सगळं आरसीसी. त्यातल्या कितीतरी इमारतींचं दुखणं एकच होतं. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती, त्यामुळे वरचा भाग पेटीसारखा ताठ. तळमजल्यावर मात्र पार्किंग, म्हणजे भिंती नाहीत, नुसते कॉलम. जमीन हलली की सगळा वाकण्याचा भार त्या कॉलमवर येतो. माणसाचं धड दणकट आणि पाय काडीसारखे, अशी अवस्था.

चाकणपासून इथपर्यंत गेल्या पंधरा-वीस वर्षांत काय काय उभं राहिलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. खाली पार्किंग, वर चार-सहा मजले. पार्किंग ठेवणं हा गुन्हा नाही. पण तसं करायचं तर खालचे कॉलम जास्त मजबूत हवेत, काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती हव्यात, आणि हे सगळं भूकंपाचा हिशेब धरून केलेलं हवं. फ्लॅट घेताना आपण फरशी बघतो, मॉड्युलर किचन बघतो, पूर्वेला दार आहे का बघतो. स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय. (हशा) हसू नका, विचारा.

कोयनेचंही सांगायला हवं, कारण ते आपल्याला जवळ आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाटे साडेचारच्या आत-बाहेर. तीव्रता सहाच्या वर. कोयनानगर जवळजवळ जमीनदोस्त, दोनशेच्या आसपास माणसं गेली, धरणाच्या भिंतीला तडे गेले, वीजनिर्मिती बंद पडली. पुण्या-मुंबईत हा धक्का जाणवला होता. इथल्या आजोबा-आजींना विचारलंत तर भांडी वाजल्याचं सांगतील. तोपर्यंत दख्खनचं पठार म्हणजे अढळ खडक, असं शास्त्रज्ञसुद्धा मानत. सरळ रेषेत कोयना इथून साधारण १६० किलोमीटर. २००२ च्या नकाशाप्रमाणे पुणे जिल्हा तिसऱ्या विभागात येतो, म्हणजे मध्यम धोका. कोयनेचा भाग चौथ्यात. किल्लारीला पहिल्या विभागाने काय दिलं ते आत्ताच सांगितलं, तेव्हा ‘आपण तिसऱ्यात आहोत’ याचं समाधान मानण्याइतके आपण भोळे नसावं.

आता तो तत्त्वज्ञानाचा संबंध. १ नोव्हेंबर १७५५, पोर्तुगालची राजधानी लिस्बन. ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चेस भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, चर्चेस भक्तांवर कोसळली. वाचलेले मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले, आणि थोड्या वेळाने समुद्राची लाट आत आली. उरलंसुरलं आगीने नेलं. युरोप हादरला. सणाच्या दिवशी, प्रार्थनेच्या वेळी, देवाने असं का केलं? व्हॉल्तेअरने त्यावर लांब कविता लिहिली. तिचा रोख असा, की हे जग सगळ्यात चांगलं आहे म्हणणाऱ्यांनी आता तोंड उघडून दाखवावं. त्यावर रूसोने त्याला १७५६ मध्ये एक पत्र पाठवलं, आणि त्यातला एक मुद्दा मला आजही फार मोठा वाटतो. त्याचा आशय असा: सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं एका जागी दाटीने बांधायला निसर्गाने सांगितलं नव्हतं. माणसं पांगून, हलक्या घरांत राहिली असती तर नुकसान कितीतरी कमी झालं असतं. आणि कित्येक जण सामानसुमान सोडवायला परत आत गेले आणि मेले. बघा, हा मुद्दा १७५६ चा आहे! त्याच साली तरुण कांटनेही भूकंपावर तीन लेख लिहिले. जमिनीच्या पोटातल्या पोकळ्या आणि तिथले वायू यांमुळे जमीन हादरते असं त्याला वाटे. ते पुढे साफ चूक ठरलं. पण देवाच्या कोपाचा प्रश्न बाजूला सारून त्याने जमिनीचा आणि बांधकामाचा प्रश्न हाती घेतला.

आपल्याकडे हा वाद १९३४ मध्ये झाला. १५ जानेवारीला बिहार आणि नेपाळ हादरलं. गांधीजी म्हणाले, अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे. रवींद्रनाथ अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींच्याच बाजूचे, पण त्यांनी याला जाहीर विरोध केला. नैतिक नियम आणि भौतिक घटना यांची अशी सांगड घालणं त्यांना मान्य नव्हतं, आणि ज्या देशात लोक आधीच दैववादी आहेत तिथे तर ते त्यांना घातक वाटलं. गांधीजींचा मोठेपणा असा, की त्यांनी रवींद्रनाथांचं ते निवेदन स्वतःच्या ‘हरिजन’मध्ये छापलं. पण या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूने आहे. कारण ‘पाप झालं म्हणून भूकंप’ म्हटलं, की भिंतीकडे बघायचं राहून जातं. आपल्या रोजच्या भाषेत ‘नशीब’ हा शब्द तेच काम करतो. भूकंप होणं आपल्या हातात नाही हे खरं. घर पडणं मात्र बऱ्याच अंशी कुणाच्या तरी हातात होतं. गवंड्याच्या, बिल्डरच्या, परवाना देणाऱ्याच्या, आणि थोडं आपल्याही.

चला, पुन्हा घरात येऊ. तुम्ही आरसीसीच्या इमारतीत आहात, समजा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, आणि हलायला लागलं. जोराचं हलणं सहसा काही सेकंद टिकतं, फार तर मिनिटभर. एवढ्या वेळात मुलांना उचलून, अंधारात, दाराची कडी काढून, जिने उतरून तुम्ही बाहेर पोचणार नाही. पोचाल ते जिन्यात. आणि जिना हा इमारतीचा असा भाग आहे की तो अनेकदा आधी तुटतो. लिफ्टचं तर नावच नको. म्हणून तिथे नियम असा: गुडघ्यांवर खाली बसा, मजबूत टेबलाखाली डोकं आणि मान झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा, कारण टेबलही सरकतं. टेबल नसेल तर आतल्या भिंतीपाशी, खिडकी-आरशापासून लांब, हातांनी मान झाकून. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणही हेच सांगतं. इमारत उभी राहणार असते तेव्हा माणसं जखमी होतात ती उडणाऱ्या-पडणाऱ्या वस्तूंनी आणि धावताना पडून.

पण तुम्ही मातीच्या जुन्या घरात, जड छपराखाली, तळमजल्यावर आहात, दार चार पावलांवर आहे आणि बाहेर मोकळं अंगण आहे, तर तिथे टेबलाचा उपयोग किती? अशा घरातून झटकन बाहेर पडणं शहाणपणाचं. तीच गोष्ट गोठ्याची. बाहेर जर चार फुटांचा बोळ असेल आणि दोन्हीकडे जुन्या दुमजली भिंती, तर मात्र पुन्हा विचार करा. अंजारचं उदाहरण काळजाला घरं पाडणारं आहे. त्या २६ जानेवारीला शाळेतल्या मुलांची फेरी गावातल्या अरुंद गल्लीतून चालली होती. डोक्यावर आकाश होतं. दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर कोसळली. १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. बाहेर असणं आणि मोकळ्यावर असणं यांत एवढा फरक आहे. आपल्या पेठेतल्या गल्ल्या डोळ्यांपुढे आणा.

आणि कंपन्यांच्या आसपासच्या खोल्या? एका रांगेत दहा-बारा, चार इंची विटेची भिंत, वर पत्रा, एका खोलीत चार-पाच पोरं, पाळीप्रमाणे झोपलेली. पत्रा हलका, तो एक फायदा. पण वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर जे दगड ठेवतात ते खाली येणार आहेत, आणि ती पातळ भिंत वर कशालाच बांधलेली नसते, ती आडवी होणार आहे. पत्रा हुकांनी किंवा नट-बोल्टने बसवायला फार खर्च येत नाही. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या अशा खोल्या भाड्याने असतील, तर त्यांनी एवढं करावं. भाडं दर महिन्याला मिळतंच ना?

एक मधली जात राहिली. गावात नवी बांधलेली बरीच घरं लोड बेअरिंग असतात, विटांच्या भिंतींवर स्लॅब. ती घरं वाईट नसतात. किल्लारीनंतर जी गावं नव्याने वसवली, तिथे भिंतींना काँक्रीटचे आडवे पट्टे घालण्यावर भर दिला गेला. जोत्याशी एक, दार-खिडक्यांच्या वर एक, छपराशी एक. टोपलीला कडा असते तसा तो पट्टा चारही भिंतींना एकत्र बांधतो. अट अशी, की तो पट्टा सलग हवा. नुसता खिडकीपुरता लिंटल टाकून सोडला तर उपयोग नाही. कोपऱ्यांत उभी सळई. आणि जे आरसीसी बांधतायत त्यांनी काँक्रीट ओतण्याआधी एकदा साइटवर जाऊन कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगा बघा. रिंगेची टोकं नुसती काटकोनात दुमडलेली नकोत. ती आणखी वळवून कॉलमच्या पोटात गेलेली हवीत, १३५ अंशांत. बीम जिथे कॉलमला मिळतो तिथे रिंगा जवळजवळ हव्यात. काटकोनातल्या रिंगा भूकंपात उघडतात, आणि मग कॉलम फुटतो. हे बघायला इंजिनिअर असावं लागत नाही, दुपारी साइटवर जावं लागतं इतकंच.

आता घराच्या आत. घरी गेलात की आपल्या पलंगावर आडवे व्हा आणि वर बघा. काय दिसतं? आपल्याकडे माळा. त्यावर आजीचा पितळी हंडा, तांब्याचा बंब, जुने डबे, कुणाच्या तरी लग्नातली ताटं. त्या माळ्याखाली मुलांचा पलंग. हंडा माळ्यावर ठेवण्यात तुमचा मान असेल, पण तो खालच्या खोलीत जमिनीवरही तेवढाच मानाने राहील. लोखंडी कपाट भिंतीला पट्टीने आणि स्क्रूने ठोकून घ्या. टीव्ही बांधा. डोक्याच्या बाजूला भिंतीवर मोठी फ्रेम नको, मग ती कुणाचीही असो. स्वयंपाकघरात काचेच्या बरण्या खालच्या फळीवर. पलंगापाशी रात्री चपला आणि बॅटरी ठेवा. अंधारात फुटक्या काचेवर अनवाणी चालून पाय कापून घेतलेली माणसं प्रत्येक भूकंपात असतात. हलणं थांबलं की गॅसचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद. गॅसचा वास आला तर कुठल्याही बटणाला हात लावू नका आणि काडी तर मुळीच ओढू नका. टोकियोत १९२३ साली भूकंप झाला तो दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना. चुली पेटलेल्या होत्या, आणि बहुतेक माणसं गेली ती आगीत.

मग बाहेर या, जिन्याने. पार्किंगच्या छताखाली गप्पा मारत उभं राहायचं नाही. ओळखपत्रं, औषधं आणायला लगेच परत आत जायचं नाही, मागून धक्के येतात. नेपाळात २५ एप्रिल २०१५ चा मोठा भूकंप झाला आणि १२ मे रोजी ७.३ चा दुसरा आला. आधी खिळखिळी झालेली घरं दुसऱ्यात गेली. जमायचं कुठे ते घरातल्या सगळ्यांना आधी माहीत हवं. आपल्याकडे सवय अशी, की मोकळं म्हटलं की नदी. पण भीमेवर वरच्या अंगाला चासकमानचं धरण आहे, तेव्हा मोठ्या भूकंपानंतर नदीपात्रात जमू नका. गावात उंचावरचं एखादं मैदान ठरवून ठेवा. फोनसाठी जिल्ह्याबाहेरचा एक नातेवाईक ठरवा, नागपूरची आत्या म्हणा. सगळ्यांनी तिला ‘मी ठीक आहे’ असा मेसेज करायचा. एकमेकांना फोन लावत बसलं तर लाइन लागत नाही, मेसेज मात्र बऱ्याचदा जातो.

व्हॉट्सॲपवरच्या दोन गोष्टींचा निकाल लावतो. एक, ‘जीवनाचा त्रिकोण’. टेबलाखाली जाऊ नका, कपाटाशेजारी झोपा, तिथे पोकळी राहते, असं त्यात म्हटलेलं असतं. हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवावं असं उदाहरण आहे. पूर्ण सपाट झालेल्या इमारतीत कुठे पोकळी राहिली, हे पाहून काढलेला तो निष्कर्ष. पण बहुतेक इमारती सपाट होत नाहीत. त्यांत कपाटच अंगावर पडतं. शिवाय पोकळी कुठे होणार हे पडायच्या आधी कोण सांगणार? दुसरी, दाराच्या चौकटीत उभे राहा. हा सल्ला पडक्या मातीच्या घरांत चौकट तेवढी उभी दिसली, त्यावरून आलेला. आजच्या घरात चौकट काही जास्त मजबूत नसते, आणि झुलतं दार बोटं चेचतं ते वेगळंच.

मोबाइलवर सूचना येते का, असंही विचारतात. २०२३ पासून अँड्रॉइड फोनवर ही सोय भारतात आहे. तिचं तत्त्व सोपं आहे. भूकंपाच्या दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली वेगवान पण सौम्य, दुसरी मंद पण दणका देणारी. पहिली सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते, दुसरी साडेतीन. केंद्र कोयनेला असेल तर आपल्याकडे दोन्हींत पंधरा-वीस सेकंदांचं अंतर पडेल. टेबलाखाली जायला ते पुष्कळ झालं. केंद्र पायाखालीच असेल, तर एक-दोन सेकंद. म्हणून सूचना आली तर तिचा उपयोग करा, पण तिच्या भरवशावर राहू नका.

सुट्टीचं वेगळं सांगायला हवं, कारण आपली मंडळी सुट्टीत जातात ती नेमकी जास्त धोक्याच्या जागी. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम, अंदमान. सगळे नकाशातले चौथे-पाचवे विभाग. टूरच्या कागदावर नाश्त्यात पोहे आहेत का, हे आपण विचारतो. हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर दोन मिनिटं काढून जिना कुठे आहे ते चालत जाऊन बघा. उतारावर बारीक खांबांवर तोललेलं पाच मजली हॉटेल असेल तर, परवडत असेल तर, बदला. डोंगरात हलणं थांबल्यावर खरी गोष्ट सुरू होते, ती दरडींची. २०१५ मध्ये नेपाळातलं लांगटांग गाव दरड आणि हिमलोटाखाली गाडलं गेलं. म्हणून गाडीत असाल तर कड्याखाली, पुलावर, विजेच्या तारांखाली थांबू नका. सपाट रुंद जागा गाठा आणि रस्ता मोकळा आहे असं कळेपर्यंत तिथेच राहा. ‘संध्याकाळचं विमान आहे’ हे कारण दरडीला चालत नाही. त्याच भूकंपात काठमांडूचा धरहरा मनोरा पडला तेव्हा त्यावर पर्यटक चढलेले होते. १९३४ च्या भूकंपातही तो मोडला होता. आपल्या गडांवर असाल तर बुरुजाच्या आणि कड्याच्या काठापासून मागे या, एवढं पुरे.

समुद्रकिनारी नियम उलटा आहे, सपाट जागा सोडून उंच जायचं. जमीन जोराने किंवा बराच वेळ हलली, किंवा समुद्र अचानक लांब आत ओसरला, तर शिंपले वेचायला पुढे जायचं नाही. २६ डिसेंबर २००४ ला थायलंडमधल्या फुकेत इथे टिली स्मिथ नावाच्या दहा वर्षांच्या इंग्लिश मुलीने पाणी विचित्र वागताना पाहिलं. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला त्सुनामी शिकली होती. तिने आईवडिलांना सांगितलं, किनारा रिकामा झाला, माणसं वाचली. भूगोल हा ‘स्कोअरिंग’ विषय नाही म्हणणाऱ्या पालकांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो. आणि कोकण यातून सुटलेलं नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला, काही तासांनी लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि इथेही माणसं बुडाली. मुंबईत धक्क्याची भीती वाटायचं कारणही नव्हतं, इतकं ते ठिकाण लांब होतं. म्हणून दिवेआगरला, गुहागरला असताना सुनामीचा इशारा आला तर व्हिडिओ काढायला किनाऱ्यावर जाऊ नये.

मी इथे थांबतो. प्रश्न घेऊ.

एकांनी चिठ्ठी दिली आहे, की ‘अमुक तारखेला मोठा भूकंप होणार’ असे मेसेज येतात, त्यांचं काय करायचं. डिलीट करायचे. तारीख, वेळ आणि जागा सांगून भूकंपाचं भाकीत आज जगात कुणालाच करता येत नाही. करतो म्हणणारा एक तर खोटं बोलतो किंवा त्याचा स्वतःवर फार विश्वास आहे.

मागच्या रांगेतल्या ताईंचा प्रश्न सगळ्यांना ऐकू आला का? त्या म्हणतात, सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, गुडघे वाकत नाहीत, टेबलाखाली कशा जाणार? नाही जाणार, आणि त्यांना खेचायचंही नाही. त्या पलंगावर असतील तर पलंगावरच राहायचं, उशी डोक्यावर आणि मानेवर धरून. खुर्चीत असतील तर पुढे वाकून हातांनी मान झाकायची. चाकाची खुर्ची असेल तर आधी चाकं लॉक करायची. तुम्ही त्यांच्याजवळ असाल तर तुम्हीही तिथेच खाली बसा. हलत्या जमिनीवर दोघी उभ्या राहिलात तर दोघी पडाल. त्यांची खाट कुठे आहे म्हणालात? खिडकीखाली, आणि बाजूला कपाट. मग ती खाट आज रात्रीच समोरच्या मोकळ्या भिंतीला घ्या. दोन माणसं लागतील.